दगडातला खड्डा कोणी केला ते ओळखायचं कसं

निघोजचे रांजणखळगे (नदीच्या खडकाळ पात्रातले रांजणासारखे खोल खड्डे) बघून आलेल्यांना विचारा की हे कशाने झाले, बहुतेक जण "पाण्याने" एवढंच सांगतात आणि ते अर्धंच खरंय. नुसतं पाणी काळ्या पाषाणाला इतकं सहज कोरत नाही, त्याला हत्यार लागतं. म्हणून खळग्याचा आकार बघायच्या आधी तळाशी काय पडलंय ते बघा. गोल गुळगुळीत गोटे आणि वाळू दिसली की समजायचं, हत्यार सापडलं.

कुकडी नदी नाणेघाटाजवळ उगम पावते, जुन्नरकडून येत येत इथे पोचते, एका काठाला पारनेर तालुक्यातलं निघोज आणि समोर शिरूर तालुक्यातलं टाकळी हाजी. पात्र सगळं बेसाल्टचं, साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा थंड झालेला लाव्हा. पुरात पाण्याला भोवरे पडतात, एखाद्या भेगेत गोटे अडकतात, पाणी त्यांना गरागरा फिरवतं आणि ते खडक घासत घासत खाली उतरतात, गोटा झिजून संपला की पुढच्या पुरात दुसरा येतो, आणि हे हजारो वर्षं चालू आहे! काही ठिकाणी दोन खळगे वाढत वाढत मधली भिंत पातळ होऊन फुटलीय आणि दोघांचा एक झालाय, असे जोडखळगे मुद्दाम शोधा, नदी आपलं पात्र खोल कसं करते ते इतकं स्पष्ट दुसरीकडे क्वचितच बघायला मिळतं.

जायचं तर पाणी ओसरल्यावर, हिवाळा-उन्हाळ्यात. पावसाळ्यात लांबूनच बघा, कडा निसरड्या असतात, काही खळगे माणूस सहज बुडेल इतके खोल आहेत आणि वर धरणं असल्यामुळे पाणी कधीही वाढू शकतं. आणि प्लीज, तळातले गोटे आठवण म्हणून घरी आणू नका, नदीला ते लागतात.

आता प्रत्येक भोक म्हणजे रांजणखळगा नाही हं. बेसाल्टमध्ये बोटभर किंवा त्याहून बारीक भोकं असतात, ती लाव्हातल्या वायूच्या बुडबुड्यांची, आतून खडबडीत, कधीकधी पांढऱ्या स्फटिकांनी भरलेली. गडावरची पाण्याची टाकी वेगळी, तिथे भिंत सरळ आणि बारकाईने बघितलं तर छिन्नीचे घाव दिसतात. नदीचा खळगा आतून हात फिरवला की गुळगुळीत लागतो, कोपरा कुठेच नाही.

घाटात रस्त्यासाठी डोंगर कापलेला असतो तिथे (गाडी नीट बाजूला लावून) गोल गोल दगड बघा, ज्यांची सालं कांद्यासारखी सुटतायत. हे गोटे वाहून आलेले नाहीत, जागच्या जागी गोल झालेत. खडकाला आधीपासून उभ्या-आडव्या भेगा असतात, त्यातून पाणी आत जातं, कोपऱ्यावर ते एकदम तीन बाजूंनी भिडतं म्हणून कोपरे आधी कुजतात आणि मधला गाभा टणक राहतो. भोवती जो भुसभुशीत पिवळट-तपकिरी माल दिसतो तो मुरूम, हाच अजून कुजत गेला की माती होते, आपली काळी माती बरीचशी अशाच बेसाल्टपासून आलीय. एकाच कापात खाली पक्का दगड, मध्ये मुरूम, वर माती असं दिसलं तर फोटो काढाच, शाळेतल्या मुलांना दाखवायला याच्याइतकं चांगलं काही नाही.

दगड ताजा फुटलाय की जुना हे रंगावरून कळतं. ताजा भाग काळा-करडा, धारदार कडांचा, जुन्यावर तपकिरी छटा आणि दगडफूल. हे दगडफूल नुसतं चिकटून बसत नाही, आम्ल सोडून दगडाला हळूहळू पोखरतं. कड्याखाली दगडफूल नसलेल्या धारदार दगडांचा ढीग असेल तर वरून अलीकडेच दरड आलीय, तिथे जेवणाचे डबे उघडून बसायचं नाही.

समुद्राचं काम बघायला हरिहरेश्वर. प्रदक्षिणेच्या वाटेवर खडकाला जाळीसारखी भोकं पडलीत, तिथे गोटे शोधू नका, सापडणार नाहीत, कारण इथलं मुख्य हत्यार आहे मीठ. खारं पाणी दगडात मुरतं, वाळतं, मिठाचे स्फटिक वाढतात आणि दगडाचा कण न कण उचकटतात. खाली लाटांनी कापलेला सपाट खडक पसरलाय, तो फक्त ओहोटीला उघडा पडतो, म्हणून भरती-ओहोटीची वेळ आधी स्थानिकांना विचारा आणि पाणी चढायला लागलं की लगेच वर या.