गावात राहून धमन्यांचा ताठरपणा कसा ओळखावा आणि कसा रोखावा

ठिबकची नवी नळी हाताने सहज वाकते. तीच नळी विदर्भातल्या उन्हात चार उन्हाळे बांधावर पडून राहिली, की कडक होते आणि पाण्याचा दाब वाढताच तडकते. हृदयातून निघणाऱ्या महाधमनीचेही काहीसे असेच असते. तरुणपणी ती प्रत्येक ठोक्याबरोबर किंचित फुगून रक्ताचा धक्का मुरवून घेते आणि दोन ठोक्यांच्या मधल्या वेळात ते रक्त संथपणे पुढे सोडते. ताठर झालेल्या धमनीला हे जमत नाही, त्यामुळे तो धक्का थेट मेंदू आणि मूत्रपिंडांतील नाजूक वाहिन्यांपर्यंत पोहोचतो व हृदयाचेही श्रम वाढतात. वयाबरोबर थोडा ताठरपणा सर्वांनाच येतो. मेटाबॉलिक सिंड्रोम, म्हणजे पोटाचा घेर, बीपी, साखर आणि रक्तातील चरबी यांतले अनेक बिघाड एकत्र असलेल्यांना तो लवकर गाठतो.

हा सिंड्रोम आपल्याला आहे का, हे आधी तपासावे. शिंप्याची टेप घेऊन शेवटची बरगडी आणि कमरेचे हाड यांच्या मधोमध, श्वास सोडल्यावर, पोट आत न ओढता घेर मोजावा. पुरुषांत ९० सेंटिमीटर आणि स्त्रियांत ८० सेंटिमीटर किंवा त्याहून अधिक घेर हे पहिले लक्षण होय. हातपाय काटकुळे असून पोट तेवढे सुटलेले असेल, तरीही ते लक्षणच मानावे. ‘मी तर बारीकच आहे’ या समजुतीने आपल्याकडे पुष्कळ जण फसतात. उरलेली चार लक्षणे अशी: बीपी १३०/८५ किंवा अधिक, उपाशीपोटी साखर १०० किंवा अधिक, ट्रायग्लिसराइड ही रक्तातली चरबी १५० किंवा अधिक, आणि एचडीएल हे चांगले कोलेस्टेरॉल पुरुषांत ४० पेक्षा व स्त्रियांत ५० पेक्षा कमी. पाचांपैकी कोणतीही तीन आढळली, की सिंड्रोम आहे असे समजावे. आशाताई तिशीपुढील लोकांचा फॉर्म भरताना कमरेचा घेर विचारतात, तो याच कारणासाठी. तेव्हा लाजून चुकीचा आकडा सांगू नये.

या बिघाडांचा धमनीशी संबंध कसा येतो? शरीर इन्सुलिनला दाद देईनासे झाले, की धमनीचे अस्तर तिला सैल ठेवणारा नायट्रिक ऑक्साइड पुरेसा तयार करीत नाही. रक्तातली जास्तीची साखर धमनीच्या भिंतीतील कोलॅजनच्या धाग्यांना चिकटून ते एकमेकांशी जखडून टाकते, आणि वाढलेल्या दाबाचे हेलकावे सोसून इलॅस्टिनचे लवचीक धागे तुटत जातात. तुटलेले इलॅस्टिन पुन्हा पूर्ववत होत नाही; अस्तराचे काम मात्र बरेच सुधारू शकते, आणि प्रयत्न करायचे ते तिथेच.

ताठरपणा अचूक मोजणारे यंत्र नाडीच्या लाटेचा वेग सांगते. मान ते जांघ हा वेग सेकंदाला १० मीटरपेक्षा अधिक असणे चिंतेचे मानतात. हे यंत्र गावात मिळणार नाही, परंतु बीपीचे दोन आकडे पुष्कळ काही सांगून जातात. वरच्या आकड्यातून खालचा वजा करावा: १२०/८० मध्ये फरक ४० येतो, १५०/७० मध्ये ८०. उतारवयात हा फरक ६० च्या पुढे राहू लागला, तर धमन्या ताठरल्याचा तो ठळक इशारा आहे. ‘खालचा बीपी नॉर्मल आहे, मग काळजी कशाला’ असे पारावर नेहमी ऐकू येते आणि ऐकून जीव कासावीस होतो, कारण वरचा आकडा चढत असताना खालचा उतरणे ही पुष्कळदा ताठरपणाचीच खूण असते. मोजण्यापूर्वी पाच मिनिटे पाठ टेकून शांत बसावे, त्याआधी अर्धा तास चहा आणि खर्रा (तंबाखू-सुपारीचे मिश्रण) टाळावा, आणि दोनदा मोजून सरासरी लिहून ठेवावी.

उपायांत मी सर्वांत आधी खर्रा सोडण्यास सांगेन, कारण त्यातील तंबाखू दाब वाढवते आणि धमन्यांना इजा करते. दुसरे मीठ: दिवसभराचे मिळून ५ ग्रॅम, म्हणजे चहाचा एक सपाट चमचा, यापेक्षा कमी, त्यात लोणचे, पापड, कुरडई आणि ठेचा यांतील मीठही धरावे. भाताचा ढीग कमी करून ज्वारीची भाकरी, तूरडाळ आणि पालेभाजी वाढवावी, व भाजीवरची तर्री आवरावी. पेरणी आणि वेचणीच्या दिवसांत शरीर राबते, पण मधल्या महिन्यांत ते बसून राहते. त्या काळात आठवड्यातून पाच दिवस अर्धा तास भरभर चालणे सोडू नये, आणि मे महिन्यात ते सूर्योदयापूर्वीच आटपावे.

बीपीची किंवा साखरेची गोळी चालू असेल, तर बरे वाटू लागले म्हणून ती बंद करू नये. उन्हाळ्यात घामाने पाणी कमी होऊन, विशेषतः लघवी वाढवणारी गोळी घेणाऱ्यांना, उठताना चक्कर येऊ शकते. अशा वेळी उपकेंद्रात जाऊन बसून आणि उभे राहून, दोन्ही वेळा बीपी मोजून घ्यावा आणि ते आकडे दाखवून डॉक्टरांकडूनच मात्रा बदलून घ्यावी.