वस्तऱ्याच्या धारेचे नैसर्गिक दगड ओळखताना या चुका टाळा

जळगाव, भुसावळ, धुळ्याकडच्या जुन्या बाजारात आणि भंगारवाल्यांकडे धारेचे जुने दगड अजूनही निघतात. सलूनमध्ये ब्लेड बदलायचे वस्तरे आले आणि धोकटीतले दगड माळ्यावर गेले, आता दिवाळीच्या साफसफाईत पोरं ते काढून विकतात. दगड वाचतायत हे चांगलंच आहे, पण दगड हातात आला की पहिल्या पाच मिनिटांत त्याला बेल्जियन नाहीतर जर्मन ठरवायची जी घाई असते ना, तिथेच सगळं बिघडतं, कारण एकदा नाव चिकटलं की मग माणूस दगड बघतच नाही, नावच बघतो. भाऊ, नाव सगळ्यात शेवटी.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे रंगावरून ठरवणं. पिवळट दिसला की कोटिक्यूल, हिरवट राखाडी दिसला की थुरिंजियन (जर्मनीचा), काळा दिसला की ब्लॅक आर्कान्सा (अमेरिकेचा), असं नसतं. खरा कोटिक्यूल बेल्जियममधल्या आर्देनचा, व्हिएलसाल्मच्या आसपासचा, त्यात गार्नेट या कठीण खनिजाचे एकदम बारीक कण असतात, ते स्टील कापतात, आणि त्याचा पिवळा थर बहुतेक वेळा निळसर स्लेटला चिकटलेला येतो. जोड निसर्गाचा असेल तर रेषा थोडी वाकडी, एकात एक मिसळलेली दिसते, सरळ सुतात काळी रेषा दिसली तर तो माणसाने गोंदाने चिकटवलाय. तसा चिकटवलेलाही खरा कोटिक्यूल असू शकतो, म्हणजे जोडावरून फसवणूक आहे असं लगेच म्हणू नका. थुरिंजियनचं अजून अवघड, सोनेबर्गच्या एशर या जुन्या कंपनीचं लेबल असेल तर भाव वेगळा आणि लेबल नसेल तर तो एशरच आहे हे कोणीही छातीठोकपणे सांगू शकत नाही. जपानी दगडाच्या शिक्क्यांचं पण तेच, नाकायामा या नावाजलेल्या खाणीचा शिक्का कोणीही मारू शकतो.

दुसरं, घाणीवर टेस्ट करू नका. जुन्या दगडात वर्षानुवर्षांचं तेल मुरलेलं असतं आणि वरून आपल्याकडच्या बोअरच्या जड पाण्याचा पांढरा थर. मग कोणीतरी लिंबू पिळतं, फेस येतो, आणि दगड संगमरवर आहे म्हणून बाजूला टाकला जातो, अहो फेस त्या क्षाराच्या थराचा आहे, दगडाचा नाही! आधी धुण्याचा सोडा टाकलेल्या कोमट पाण्यात भिजवा (उकळू नका, थरांचा दगड तडकतो), मग जाड सपाट काचेवर वॉटर पेपर ठेवून घासा, आधी २२० मग ४००, दगडावर पेन्सिलने चौकडी मारून घ्या म्हणजे कुठे खोलगट आहे ते कळतं. घासणं नेहमी ओलंच करा, यातल्या बऱ्याच दगडांत सिलिका असते आणि ती कोरडी धूळ फुफ्फुसांना वाईट. आता दगडाच्या ताज्या घासलेल्या तोंडावर लिंबू टाका आणि जोरात फेस आला तर मात्र तो बहुधा चुनखडीचा किंवा संगमरवराचा आहे, वस्तऱ्याच्या कामाचा नाही.

तिसरी गोष्ट आपल्या मातीची. खान्देश म्हणजे जवळपास सगळा बेसाल्ट, दख्खनच्या ज्वालामुखीतून आलेला काळा पाषाण. तापीच्या नाहीतर पांझरेच्या पात्रातला काळा गुळगुळीत दगड "नॅचरल होन" (धारेचा नैसर्गिक दगड) म्हणून विकायला आणतात, तो हाताला रेशमासारखा लागतो पण आत वेगवेगळ्या आकाराचे स्फटिक असतात आणि मधेच एखादा धारेवर खोल ओरखडा काढतो. गारगोटी आणि अगेट उलट, एवढे घट्ट की कण सुटतच नाहीत, नुसती चकाकी येते. म्हणून एखाद्या धोकटीत खरंच बारीक कणांचा स्लेट निघाला तर तो बाहेरूनच आलाय असं धरा. आणि "आजोबांच्या काळातला आहे म्हणजे नैसर्गिकच" हे पण सोडा, कार्बोरंडम, म्हणजे धारेच्या दगडात वापरतात तो कृत्रिम पदार्थ, १८९१ पासून बनतोय. कडा एकसारख्या, सगळीकडे सारखी चमचम, दोन रंगांचे दोन थर, तर तो बहुधा कारखान्यातलाच.

घनता काढा, घरच्या घरी निघते. किचनच्या डिजिटल काट्यावर पाण्याचं भांडं ठेवून शून्य करा, दगड दोऱ्याने पाण्यात पूर्ण बुडवा, तळाला टेकू देऊ नका, काटा जे दाखवेल त्याने कोरड्या दगडाच्या वजनाला भागा. समजा कोरडा ४१२ ग्रॅम आणि काटा १५६, तर २.६४, म्हणजे क्वार्ट्झच्या (गारगोटीच्या खनिजाच्या) जवळ, दगड घट्ट आर्कान्सा असू शकतो. सच्छिद्र सॉफ्ट आर्कान्सा याच्या खाली येतो, स्लेट साधारण २.७ ते २.८, बेसाल्ट २.८ ते ३. या आकड्याने नाव मिळत नाही, पण चुकीची नावं खोडता येतात.

आता पारख. नैसर्गिक दगडाला ग्रिट नंबर (कण किती बारीक ते सांगणारा आकडा, जास्त तेवढा बारीक) विचारणं बंद करा. त्याच दगडावर घट्ट गाळ (घासताना सुटलेले कण आणि पाणी) असेल तर तो जास्त कापतो, गाळ पातळ करत नुसत्या पाण्यावर आणलं तर धार वेगळीच गुळगुळीत येते, आर्कान्सावर तर दगडाचं तोंड किती घासलेलं आहे यावरच सगळा फरक पडतो. मे महिन्यात ४४ डिग्रीला पंख्याखाली बसून घासलं की गाळ दोन मिनिटांत सुकतो, घट्ट होतो, कापतो तसं धारेचं टोकही बोथट करतो, मग दगडाला नावं ठेवतात. सारखे थेंब टाकत राहा.

आणि "दगड काही कामाचा नाही" असं म्हणणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांच्या वस्तऱ्याचा बेव्हल, म्हणजे धारेचा उतारच, नीट बसलेला नसतो. धारेच्या उतारावर परमनंट मार्कर लावा, दगडावर दोन-चार हात फिरवा, अगदी टोकाशी शाई राहिली असेल तर १००० ग्रिटच्या सिंथेटिक (कारखान्यातल्या) दगडावर परत जा, फिनिशिंगचा दगड ते काम करणार नाही. नीट पारखायचं तर ज्याची धार तुम्हाला ओळखीची आहे तोच वस्तरा घ्या, सिंथेटिक दगडांवर ८००० ग्रिटपर्यंत आणा, तोच चामड्याचा पट्टा, आणि बदल फक्त दगडाचा. भिंगातून ओरखडे एकसारखे दिसतात का बघा, मग दाढी करा, कारण हातावरचे केस उडाले म्हणजे गालावर धार गोड लागेलच असं नाही. ८००० पेक्षा गालाला मऊ लागली तर दगड ठेवा, मग तो कुठल्याही देशाचा असो. नाही लागली तर विळी-कोयत्याला वापरा, आणि विकायचा असेल तर घनता आणि गाळाचा रंग सांगून विका, नाव जोडू नका.