इंग्रजी ‘डिबंक’ला (debunk, म्हणजे एखादी गोष्ट खोटी किंवा पोकळ असल्याचे दाखवून देणे) मराठीत कोणते क्रियापद वापरावे?

आधी शब्द समजून घ्या. 1820 साली अमेरिकी काँग्रेसमध्ये (तिथल्या संसदेत) मिझुरीच्या प्रश्नावर, म्हणजे त्या प्रदेशाला गुलामगिरीसह राज्य म्हणून सामावून घ्यावे का यावर, वाद चालू होता. तेव्हा फेलिक्स वॉकर हे सदस्य लांबण लावून बोलू लागले. बाकीचे ‘पुरे करा’ म्हणत होते, पण आपण बंकमसाठी बोलतो आहोत, असे त्यांचे उत्तर होते. नॉर्थ कॅरोलायनातला बंकम परगणा त्यांच्या मतदारसंघात होता. त्यावरून पोकळ बडबडीला ‘बंकम’ आणि पुढे नुसते ‘बंक’ म्हणू लागले. 1923 मध्ये विल्यम वुडवर्ड यांनी आपल्या कादंबरीत त्याला ‘डि’ जोडले: बंक काढून टाकणे. वुडवर्ड यांचा रोख फुगवलेल्या थोरपणावर होता. म्हणून ‘पितळ उघडे पाडणे’ हा वाक्प्रचार मूळ अर्थाच्या सर्वांत जवळ जातो. मुलामा उतरला की आतला धातू दिसतो, तसेच हे.

आज मात्र हा शब्द अफवा आणि गैरसमजांसाठी चालतो. भाषांतर करताना पहिला प्रश्न हा विचारा: पुरावा दिला आहे का? नुसतेच ‘हे खरे नाही’ म्हटले असेल, तर ‘इन्कार केला’ किंवा ‘फेटाळले’ लिहा. बातम्यांत इथेच सर्वाधिक चूक होते. ‘आरोपांचे खंडन केले’ असे छापले जाते आणि खाली एकही मुद्दा नसतो. खंडन म्हणजे तोडणे, संस्कृत ‘खण्ड्’ धातूपासून आलेले. समोरच्याचा युक्तिवाद तुकड्यातुकड्याने मोडला, तरच तो शब्द शोभतो. वाचकाला पुरावा असल्याचा भास देणे ही साधी चूक नव्हे.

पुरावा असेल, तर पुढे कर्म पाहा. युक्तिवाद किंवा मुद्दा असेल तर ‘खोडून काढणे’. दडवलेली लबाडी असेल तर ‘पर्दाफाश’. चंद्रावरून चीनची भिंत नुसत्या डोळ्यांनी दिसते, हा समज आहे. त्यामागे कोणाची लबाडी नाही, म्हणून तिथे पर्दाफाश नको, ‘समज खोडून काढला’ पुरे.

‘खोटे पाडणे’ दाव्याला चालते, तसे माणसालाही. ‘त्याला खोटे पाडले’ म्हटले की रोख माणसावर जातो, हे लक्षात ठेवा. लिंगही सांभाळा: दावा खोटा पाडला, बातमी खोटी पाडली, विधान खोटे पाडले. ‘खोटा ठरवला’ यात फक्त निवाडा येतो. तो पुराव्यावर झाला की नाही, हे वेगळे लिहावे लागते.