पुण्यातून हायजिया लघुग्रह कसा शोधायचा

आधीच सांगतो, दुर्बिणीच्या आयपीसमध्ये, म्हणजे डोळा लावायच्या भिंगात, खडकबिडक काही दिसणार नाहीये, आजूबाजूच्या ताऱ्यांसारखाच एक बारका ठिपका दिसतो आणि त्यातला आपला कुठला हे ओळखणं हीच सगळी मजा. हायजिया म्हणजे मेन बेल्टमधला (मंगळ आणि गुरूमधला लघुग्रहांचा पट्टा) आकाराने चौथ्या नंबरचा लघुग्रह, व्यास 430 किमीच्या आसपास, पण कार्बनवाला, कोळशासारखा काळा, अंगावर पडलेल्या उजेडातला जेमतेम 7 टक्के परत फेकतो. व्हेस्टा हा दुसरा लघुग्रह, याच्याहून शंभरेक किमीनेच मोठी, पण ती चकचकीत आणि जवळची, त्यामुळे कधीकधी नुसत्या डोळ्यांनीही दिसते, हायजिया मात्र प्रतियुतीलासुद्धा (पृथ्वीवरून सूर्याच्या बरोबर समोरच्या बाजूला येतो तेव्हा) 9-10 च्या प्रतीचा, प्रत म्हणजे तेजाचा आकडा, जितका मोठा तितका ठिपका मंद. म्हणजे छोट्या बायनॉक्युलरच्या नादी लागू नका, 6 इंची डॉब (साध्या बैठकीवरची आरशाची दुर्बीण) पुरते.

प्रतियुती साधारण सव्वा वर्षाने येते, तेव्हाची अमावस्या पकडायची. पावसाळ्यात आली तर सरळ पुढची बघा, पर्याय नाही.

जागा महत्त्वाची. कोथरूडच्या गच्चीवरून नाही जमत हो. हा कायम राशीपट्ट्यातच असतो, म्हणजे आपल्याकडून डोक्यावर नाहीतर दक्षिणेला, म्हणून शहराच्या दक्षिणेला भोरकडे जायचं, पुण्याचा सगळा उजेड मग उत्तरेला पाठीमागे राहतो. लोक सवयीने लोणावळ्याला जातात, तिकडे हा फायदा नाही.

निघायच्या आधी स्टेलॅरियम या आकाशनकाशाच्या सॉफ्टवेअरमध्ये लघुग्रहांचा डेटा अपडेट करा, जुन्या डेटावर जागा चुकू शकते, आणि 11 व्या प्रतीपर्यंतचे तारे येतील असा नकाशा प्रिंट करून घ्या. डॉबमध्ये चित्र उलटं दिसतं, तेव्हा कागदच फिरवून धरा. जवळच्या ठळक ताऱ्यावरून टप्प्याटप्प्याने सरकत तिथे पोचलात की लाल टॉर्च लावून दिसतील ते सात-आठ ठिपके वहीत काढा, अंतरं नीट, घाई नको.

दुसऱ्या रात्री परत तेच चित्र. जो ठिपका हलला तो हायजिया, प्रतियुतीच्या सुमारास दिवसाला चंद्राच्या अर्ध्या रुंदीपेक्षा थोडा कमी सरकतो. 1849 मध्ये नेपल्सला दे गास्पारिसने हा शोधला तेव्हा या कामात फोटो नव्हतेच, सगळं डोळ्यांवर. मधे एक रात्र ढग आले तरी चालतं, तिसऱ्या रात्री फरक उलट जास्तच दिसतो.

स्वतःची दुर्बीण नसेल तर टिळक स्मारक मंदिरात ज्योतिर्विद्या परिसंस्थेत विचारा, 1944 पासूनची संस्था आहे, फक्त शनी दाखवा म्हणू नका, हायजियाचा नकाशा घेऊनच जा.