सीआरटी बसवल्यावर बरगड्यांखाली बसणारे झटके कसे टाळावेत

हृदयाचे पंपिंग क्षीण झाले आहे आणि खालचे दोन्ही कप्पे एका तालात आकुंचन पावत नाहीत, अशा काही रुग्णांना सीआरटी (कार्डिॲक रिसिंक्रोनायझेशन थेरपी) हे दोन्ही कप्प्यांना एकत्र आकुंचन पावायला लावणारे उपकरण बसवतात. त्याची एक लीड (विद्युत आवेग नेणारी तार) कोरोनरी सायनस या हृदयाच्या मोठ्या शिरेतून डाव्या खालच्या कप्प्याच्या बाहेरील शिरेत नेली जाते. श्वासपटल हलवणारी डावी फ्रेनिक नर्व्ह हृदयाच्या आवरणावरून याच भागाजवळून खाली उतरते. त्यामुळे हृदयासाठी सोडलेला विद्युत आवेग काही वेळा तिलाही मिळतो आणि डाव्या बरगड्यांखाली उचकीसारखे धक्के बसू लागतात. यामुळे हृदयाला सहसा इजा होत नाही, मात्र झोप मोडते आणि दम लागल्यासारखे वाटते.

हा त्रास टाळण्याची खरी संधी लीड बसवतानाच असते. जागा निश्चित करण्यापूर्वी डॉक्टर १० व्होल्टपर्यंत आवेग देऊन श्वासपटल उडते का, हे एक्स-रेच्या पडद्यावर आणि पोटावर तळहात ठेवून पाहतात. तरीही ही तपासणी पुरेशी ठरेलच असे नाही, कारण त्या वेळी रुग्ण उताणा आणि गुंगीत असतो, तर धक्के पुष्कळदा डाव्या कुशीवर वळल्यावरच सुरू होतात. म्हणूनच शस्त्रक्रियेपूर्वी चार इलेक्ट्रोडची (आवेग सोडणाऱ्या धातूच्या टोकांची) लीड वापरणार का, हे डॉक्टरांना अवश्य विचारावे. पुढे त्रास झाल्यास अशा लीडमध्ये आवेग दुसऱ्या इलेक्ट्रोडवरून देता येतो आणि लीड जागची हलवावी लागत नाही.

घरी आल्यावर धक्के जाणवले, तर एका हाताची बोटे मनगटाच्या नाडीवर ठेवावीत आणि दुसरा तळहात डाव्या बरगड्यांच्या खाली. प्रत्येक धक्का नाडीच्या ठोक्याबरोबर येत असेल, तर ती साधी उचकी नसून उपकरणाशी संबंधित बाब असण्याची शक्यता बरीच असते. कोणत्या कुशीवर, बसल्यावर की वाकल्यावर त्रास होतो, हे लिहून ठेवावे, कारण ज्या स्थितीत धक्का बसतो त्याच स्थितीत तपासणी झाली तरच तिचा उपयोग होतो. क्लिनिकमध्ये उताणे झोपवून ‘सगळे ठीक आहे’ असे सांगितले गेले, तर ‘मला डाव्या कुशीवर वळवून पाहा’ असे निःसंकोच म्हणावे.

बहुतेक वेळा उपाय प्रोग्रामरवरच, म्हणजे उपकरणाची सेटिंग बाहेरून बदलणाऱ्या क्लिनिकमधल्या यंत्रावरच होतो. समजा, हृदयाचा ठोका १.२५ व्होल्टला पकडला जातो (म्हणजे त्या आवेगाने हृदय आकुंचन पावते) आणि फ्रेनिक नर्व्ह २.५ व्होल्टला उत्तेजित होते. तर या दोहोंच्या मधला आकडा निवडता येतो. हे अंतर फारच कमी असेल, तर इलेक्ट्रोडची जोडी बदलतात किंवा व्होल्टेज उतरवून आवेगाचा कालावधी वाढवतात. फ्रेनिक नर्व्हला हृदयाच्या स्नायूपेक्षा अल्पकाळाचे आवेग पुरतात, त्यामुळे लांब पण सौम्य आवेगाचा कल हृदयाच्या बाजूने राहतो. सुरक्षेची मोकळीक, म्हणजे ठोका पकडायला लागणाऱ्या व्होल्टेजपेक्षा ठेवलेले जादा व्होल्टेज, फार कमी करणेही धोक्याचे आहे, कारण मग काही ठोके सुटतात आणि उपचाराचा परिणाम घटतो. याच कारणाने, केवळ धक्के थांबावेत म्हणून डावीकडचे पेसिंग (हृदयाला आवेग देणे) बंद करून घेण्याचा आग्रह रुग्णाने किंवा घरच्यांनी धरू नये. हे सर्व उपाय थकल्यावरच लीड हलवण्याचा किंवा छाती उघडून हृदयाच्या बाहेरच्या बाजूवर नवी लीड बसवण्याचा विचार होतो.

घरी उपकरणावर चुंबक ठेवून पाहू नये. त्याने पेसिंग थांबत नाही; उलट शॉक देणाऱ्या उपकरणात शॉकची सोय तात्पुरती बंद पडू शकते. छातीच्या कातडीखाली बसवलेले उपकरण बोटांनी फिरवणे किंवा चाळवणेही टाळावे, कारण त्यामुळे लीड ओढली जाऊन जागची सरकते.

धक्के नव्याने उजव्या बाजूला किंवा खांद्याजवळच्या स्नायूत सुरू झाले, तर लीड सरकल्याची किंवा तिच्या आवरणाला इजा झाल्याची शंका घेऊन लवकर तपासणी करून घ्यावी. धक्क्यांबरोबर छातीत दुखणे, भोवळ किंवा अचानक वाढलेला दम असेल, तर पुढच्या भेटीची वाट न पाहता त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.