पायथॉनमधली डिफॉल्ट लिस्ट आणि असेच एकदोन छुपे बग

पायथॉनमध्ये फंक्शन लिहिताना पॅरामीटरला डिफॉल्ट (कॉल करताना काही दिलं नाही तर वापरायची किंमत) म्हणून रिकामी लिस्ट देऊ नका. दिसायला एकदम साधं, पण ती लिस्ट प्रत्येक कॉलला नवीन बनत नाही, फंक्शन डिफाइन होतं तेव्हा एकदाच बनते आणि मग सगळे कॉल तीच वापरतात, म्हणजे पहिल्या कॉलमध्ये अपेंड केलेलं (लिस्टच्या शेवटी जोडलेलं) दुसऱ्या कॉलमध्ये आयतं हजर. टेस्टमध्ये फंक्शन एकदाच कॉल केलं असेल तर सगळं हिरवं दिसतं आणि प्रॉडक्शनला (खरे युजर वापरतात तिथे) एका युजरचा डेटा दुसऱ्याला दिसायला लागतो, मग बसा लॉग चाळत. उपाय सोपाय, डिफॉल्ट None (म्हणजे 'काही नाही') ठेवा आणि आत चेक करून नवीन लिस्ट बनवा. डिक्शनरी, सेटलाही हेच. आणि हो, डिफॉल्टमध्ये आत्ताची वेळ काढणारा कॉल टाकला असेल तर तोही एकदाच चालतो, सर्व्हर चालू झाला ती वेळ सगळ्या रेकॉर्डला चिकटते (हा प्रकार मला जास्त डेंजर वाटतो, कारण तारीख बघून पटकन शंका येत नाही).

जावास्क्रिप्टवाल्यांनी सॉर्टकडे बघा. कंपेअर फंक्शन (दोनपैकी आधी कोण ते सांगणारं) न देता 1, 2, 10 सॉर्ट केलं की 1, 10, 2 येतं, कारण आकडे स्ट्रिंग (म्हणजे मजकूर) समजून लावले जातात. टेस्ट डेटात मुद्दाम 9 आणि 10 एकत्र टाका, लगेच सापडेल.

फ्लोटचं (दशांश आकडे ठेवायचा टाइप) तर सगळ्यांना माहितीये, 0.1 + 0.2 केलं की 0.30000000000000004 येतं, तरी पैशांच्या हिशोबात लोक फ्लोटच वापरतात. रक्कम सगळ्यात लहान एककात इंटिजर (पूर्णांक) म्हणून ठेवा नाहीतर डेसिमल टाइप वापरा.