फिनॉलचे सांडपाणी आणि मण्यांतले जिवाणू: नव्या संशोधकांसाठी

सूक्ष्मजीवशास्त्रात एम.एस्सी. करून सांडपाणी शुद्धीकरणाकडे वळणाऱ्यांना मी पहिला विषय फिनॉल या विषारी सेंद्रिय संयुगाचाच सुचवतो, कारण रेझिनच्या कारखान्यांपासून कोक भट्ट्यांपर्यंत ते सगळीकडे आढळते आणि जे जिवाणू त्यावर जगतात त्यांनाच ते प्रमाणाबाहेर गेले की मारते. पेशी जेलच्या मण्यात बांधल्या की हा मारा त्या अधिक सोसतात, शिवाय प्रक्रिया केलेल्या पाण्याबरोबर वाहूनही जात नाहीत.

पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतील एनसीआयएम या सूक्ष्मजीवांच्या संग्रहासारख्या ठिकाणांहून स्यूडोमोनास पुटिडा हा फिनॉलवर जगणारा जिवाणू मिळवता येतो. तरीही मला ज्या कारखान्याचे सांडपाणी शुद्ध करायचे त्याच कारखान्याच्या ईटीपीमधील (सांडपाणी शुद्धीकरण संयंत्रातील) गाळातून फिनॉलवर वाढवलेले जिवाणू अधिक भरवशाचे वाटतात. सोडियम अल्जिनेट या समुद्री शेवाळापासून मिळणाऱ्या पदार्थाच्या 2 ते 4 टक्के द्रावणात पेशी मिसळून ते सिरिंजने कॅल्शियम क्लोराइडमध्ये थेंब थेंब सोडले की क्षणात मणी तयार होतात. द्रावण फार दाट असेल तर मण्यांना शेपूट फुटते. मणी मोठे झाले तर आतल्या पेशींपर्यंत प्राणवायू पोहोचत नाही. नेहमीच्या माध्यमातील फॉस्फेट कॅल्शियम ओढून घेते आणि मणी मऊ पडून विरघळू लागतात, म्हणून फॉस्फेट गरजेपुरतेच ठेवावे.

या कामात सर्वाधिक वेळ द्यावा तो कंट्रोलना, म्हणजे तुलनेसाठीच्या प्रयोगांना. पाण्यातले फिनॉल कमी झाले म्हणजे ते जिवाणूंनीच खाल्ले असे नव्हे. काही मण्यात शोषले जाते, काही हवा देताना उडून जाते. म्हणून रिकामे मणी, मृत पेशींचे मणी, तितक्याच वजनाच्या मोकळ्या पेशी आणि नुसते सांडपाणी असे चारही फ्लास्क शेकरवर शेजारी ठेवल्याशिवाय निष्कर्ष लिहू नये. पाणी पिवळे दिसू लागले तर फिनॉलचे वलय फुटले आहे, पण मधले संयुग अजून शिल्लक आहे असे समजावे आणि सीओडीही (पाण्यातील सेंद्रिय पदार्थांच्या ऑक्सिडीकरणाला लागणारा प्राणवायू) मोजावा. फिनॉल रंगावरून मोजणारी नेहमीची 4-अमिनोअँटिपायरिन चाचणी पॅरा-क्रेसॉल हे फिनॉल वर्गातलेच संयुग दाखवत नाही, त्यामुळे खऱ्या सांडपाण्यासाठी एचपीएलसीची (मिश्रणातील संयुगे वेगळी करून मोजणाऱ्या उपकरणाची) सोय आधीच पाहून ठेवावी.

नदीनाल्यात सोडायच्या पाण्यात फिनॉल वर्गातील संयुगांची मर्यादा लिटरला 1 मिलिग्रॅम आहे. नव्वद टक्के घट कागदावर कितीही चांगली दिसली, तरी लिटरला 500 मिलिग्रॅम फिनॉल असलेल्या पाण्यात त्यानंतरही 50 मिलिग्रॅम उरतात. प्रबंधात टक्केवारीच्या शेजारी हा उरलेला आकडा आवर्जून लिहावा, कारण ईटीपी चालवणारा अभियंता पहिल्यांदा तोच विचारतो.